डेमोत सगळं चालतं, तुमच्या टेबलवर चालतं का?

मागच्या अंकात मी या सदरात एवढंच लिहिलं होतं की कंपनीतला इकडचा तिकडचा डेटा एका जागी आणणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याला सगळे डेटा इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म म्हणतात, ते नुसता डेमो बघून घेऊ नका. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषयच घेतला नाही. बहुतेकांचा प्रश्न एकच, "सगळ्यात चांगलं कुठलं?", आणि त्याला माझ्याकडे एका नावाचं उत्तर नाहीये. पण तुमच्याकडे काय काय आहे, किती माणसं आहेत, हे नीट लिहिलंत तर उत्तर बरंच जवळ येतं, म्हणून ज्यांनी सविस्तर लिहिलं त्यांचीच पत्रं घेतलीयेत.

प्रश्न: ताई, आमची चाकणला ऑटो पार्ट्सची कंपनी आहे, दोन प्लांट. सॅप ईसीसी आहे (हिशोब, स्टॉक, ऑर्डर सांभाळणारं सॉफ्टवेअर), शॉपफ्लोअरचं सॉफ्टवेअर वेगळं आहे त्याचा डेटा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये पडतो, क्वालिटीवाल्यांचं सगळं एक्सेलमध्ये, आणि डिस्पॅचवाले ग्राहकाच्या पोर्टलवरून शेड्यूल डाउनलोड करतात. मॅनेजमेंटला हे सगळं एका डॅशबोर्डवर हवंय. तीन जण डेमो देऊन गेले, इन्फॉर्मॅटिका क्लाउड, अझुअर डेटा फॅक्टरी आणि टॅलेंड. तिन्ही चांगले वाटले. आयटीत मी आणि दोन मुलं, बस. कुठलं घेऊ?

उत्तर: तिन्ही चांगले वाटणारच, कारण डेमोतलं टेबल त्यांनी स्वतः बनवलेलं असतं, प्रत्येक कॉलम भरलेला, तारखा सगळ्या एका फॉरमॅटमध्ये, कुठे एक स्पेस जास्त नाही. तुम्ही त्यांना तुमच्याकडचं सगळ्यात घाणेरडं टेबल द्या. प्रत्येक कंपनीत असं एक असतंच, ज्याच्याबद्दल जुनी माणसं म्हणतात "त्याला हात लावू नका". ते द्या आणि सांगा, दोन आठवडे यावर चालवून दाखवा, आणि चालवणार आमचा मुलगा, तुमचा इंजिनिअर फक्त शेजारी बसेल.

पण त्याच्याही आधी सॅपचा प्रश्न सोडवा, कारण तुमच्या केसमध्ये खरा खर्च तिथे आहे आणि डेमोत नेमकं तेच कोणी काढत नाही. सॅपमधून डेटा बाहेर काढायला बरीच टूल्स ओडीपी नावाचा रस्ता वापरत आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सॅपने आपली ३२५५७४६ नंबरची नोट बदलून सांगून टाकलं की त्या रस्त्याची आरएफसी फंक्शन्स (बाहेरून हाक मारायची सॅपची सोय) बाहेरच्या टूल्सनी वापरायला परवानगी नाही. म्हणजे उद्या बंद पडेल असं नाही, पण लायसन्सच्या ऑडिटमध्ये प्रश्न आला तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, व्हेंडरला नाही. मग कोणी म्हणेल की आम्ही थेट डेटाबेसमधून वाचतो. ईसीसी जुन्या डेटाबेसवर असेल तर बीएसईजीसारखी हिशोबाच्या नोंदींची टेबलं क्लस्टरमध्ये दाबून ठेवलेली असतात, नुसत्या एसक्यूएलने (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेने) त्यातून अर्थ लागत नाही, आणि हाना या सॅपच्या नव्या डेटाबेसवर असाल तर तुमचं हानाचं लायसन्स रनटाइम (फक्त सॅपमधूनच वापरायचं) आहे का फुल यूज हे आधी बघा, कारण रनटाइममध्ये बाहेरच्या टूलने खालच्या डेटाबेसला थेट हात लावणं बसत नाही. तर तिघांनाही एकच प्रश्न लेखी विचारा, "सॅपमधून नक्की कुठल्या मार्गाने काढणार आणि त्याची परवानगी कुठे लिहिलीये?" ज्याचं उत्तर चार दिवसात स्पष्ट येईल त्याच्याशी पुढे बोला.

अजून एक. ईसीसीचा नेहमीचा मेंटेनन्स २०२७ अखेरपर्यंतच आहे, आणि एन्हान्समेंट पॅक (सॅपचा मोठा अपडेट) ५ किंवा त्याखालचा असेल तर तो २०२५ लाच संपला. तुमची कंपनी एस फोर हाना या सॅपच्या पुढच्या सॉफ्टवेअरवर जायचं बोलत असेल तर आज बनवलेल्या अर्ध्या पाइपलाइन (डेटा नेण्याच्या वाटा) परत बनवाव्या लागतील, कारण टेबलंच बदलतात, मटेरियल मूव्हमेंटचा डेटा एमएसईजीऐवजी मॅटडॉकमध्ये जातो. म्हणून आत्ता सॅपमधून फक्त लागतं तेवढंच काढा, "पुढेमागे लागेल" म्हणून दोनशे टेबलं खेचत बसू नका.

आता ट्रायलमध्ये काय बघायचं. तुमची थर्ड शिफ्ट रात्री अकराला लागून सकाळी सातला सुटत असेल तर त्या रात्रीचं प्रॉडक्शन कुठल्या तारखेत पडतं ते बघा. क्लाउडवरची टूल्स बहुतेक यूटीसीत (जगाच्या प्रमाणवेळेत) विचार करतात आणि यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते, म्हणजे त्याच शिफ्टचे शेवटचे दीड तास दुसऱ्या दिवसात जातात आणि मग प्लांट हेड म्हणतो डॅशबोर्ड खोटा आहे, आणि एकदा तो तसं म्हणाला की वर्षभर कोणी त्या डॅशबोर्डकडे बघत नाही, हे मी स्वतः बघितलंय आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्या मुलांनी चार महिने रात्री जागून काम केलं होतं.

दुसरं, डिलीट. शॉपफ्लोअरवर चुकून पडलेली एंट्री सुपरवायझर डिलीट करतो. टूल जर "शेवटचा बदल कधी झाला" हा कॉलम बघून नवे रो (टेबलमधल्या ओळी) उचलत असेल तर गेलेला रो त्याला दिसणारच नाही, तो पलीकडे तसाच राहणार आणि प्रॉडक्शन रोज थोडं थोडं जास्त दिसणार. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बदल टिपून ठेवायची सीडीसी सोय २०१६ च्या सर्व्हिस पॅक १ पासून स्टँडर्ड एडिशनमध्येही आहे, ती वापरता येते का विचारा. तिसरं, लोड चालू असताना नेटवर्कची केबल काढा. खरंच काढा. परत लावल्यावर तेच रो दोनदा आले का, मध्येच काही सुटलं का, आणि हे तुमच्या मुलाला स्क्रीनवरून कळलं का व्हेंडरला फोन करावा लागला, यातच निम्मं उत्तर आहे.

माझं मत विचाराल तर तीन माणसांच्या टीमला डेटा फॅक्टरी घ्या. त्याचा सेल्फ होस्टेड रनटाइम, म्हणजे डेटा उचलणारा प्रोग्रॅम, प्लांटमधल्या एका विंडोज मशीनवर बसतो आणि आतून बाहेरच कनेक्शन करतो, त्यामुळे फायरवॉलमध्ये बाहेरून आत यायला भोक पाडावं लागत नाही. खरं तर सुरुवातीला एसएसआयएस हे मायक्रोसॉफ्टचं डेटा हलवायचं टूल पण पुरेल, ते एसक्यूएल सर्व्हरच्या लायसन्समध्येच येतं. इन्फॉर्मॅटिका ताकदीचं आहे यात वाद नाही, पण ती ताकद वापरायला जितकी माणसं लागतात तितकी तुमच्याकडे नाहीत. टॅलेंडचं कोणी "फ्री व्हर्जन पण आहे" म्हणून सांगत असेल तर ते हिशोबात धरू नका. २०२३ मध्ये क्लिक (Qlik) नावाच्या कंपनीने टॅलेंड घेतलं आणि फुकटचं ओपन स्टुडिओ ३१ जानेवारी २०२४ ला बंद झालं. वाचलेल्या पैशात सॅपचं फंक्शनल नॉलेज असलेला एक माणूस तीन महिन्यांसाठी घ्या.

एक्सेलचं मात्र कुठलाही प्लॅटफॉर्म सोडवत नाही. क्वालिटीवाल्यांबरोबर बसा, एक टेम्प्लेट ठरवा, कॉलम लॉक करा, मग बोलू.

प्रश्न: आमच्याकडे म्यूलसॉफ्ट आधीपासून आहे, त्यावर भरपूर पैसे गेलेत. आता डेटा वेअरहाउस (रिपोर्टसाठी सगळा डेटा साठवायचं कोठार) करायचंय तर सीएफओ म्हणतात त्यातूनच करा, दुसरं कशाला? मला पटत नाहीये पण मुद्दा मांडता येत नाही. (नाशिक)

उत्तर: तुमचं बरोबर आहे. म्यूलसॉफ्ट, बूमी ही मंडळी मुख्यतः दोन सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलायला लावतात, ऑर्डर आली की स्टॉकवाल्याला सांग, इनव्हॉइस झालं की सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदींत) टाक, एकेक निरोप, लगेच पोचला पाहिजे. वेअरहाउसला पाच वर्षांच्या सगळ्या ऑर्डरी लागतात, एकदम, आणि त्यात जॉइन (टेबलं जोडणं), हिस्टरी, रिकन्सिलिएशन (आकडे जुळवणं). म्यूलसॉफ्टमध्ये बॅचची सोय आहे, चालेलही, पण कोट्यवधी रो एपीआयच्या (सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायच्या दारांच्या) थरांमधून नेताना ज्या कोअर आणि मेमरीचे पैसे तुम्ही निरोपांसाठी भरलेत तेच खर्ची पडतात आणि दिवसाचे खरे व्यवहार अडकायला लागतात. सीएफओंना तत्त्व सांगू नका, एकच टेबल घ्या, सगळ्यात मोठं, ते म्यूलसॉफ्टमधून एका रात्री न्या आणि डेटाबेसच्या साध्या बल्क लोडने एका रात्री न्या, दोन्हीला लागलेला वेळ त्यांच्या टेबलावर ठेवा.

प्रश्न: ताई, मी हिंजवडीत, नऊ वर्षं इन्फॉर्मॅटिकाच्या पॉवरसेंटर या टूलवर काम करतोय. आता क्लायंट म्हणतो सगळं नवीन प्लॅटफॉर्मवर न्यायचं आणि कुठल्या ते मलाच सुचवायला सांगितलंय, १८०० च्या आसपास मॅपिंग (डेटा कुठून कुठे, कसा बदलून न्यायचा याचे आराखडे) आहेत. एका कंपनीचं ऑटोमॅटिक कन्व्हर्जन टूल आहे, ते म्हणतात ९० टक्के आपोआप होईल. आणि खरं सांगायचं तर मला भीती पण वाटते की माझंच स्किल जुनं झालंय.

उत्तर: भीती वाटणं साहजिक आहे. १९९३ साली सुरू झालेली इन्फॉर्मॅटिका, पुण्यातली कितीतरी घरं त्या एका टूलवर उभी राहिली, आणि बातम्याच तशा आल्या, मे २०२५ मध्ये सेल्सफोर्सने साधारण ८ अब्ज डॉलरला ती घ्यायचं जाहीर केलं, नोव्हेंबरमध्ये व्यवहार पूर्ण झाला, आणि पॉवरसेंटर १०.५ चा स्टँडर्ड सपोर्ट मार्च २०२६ पर्यंतचा. हे फक्त यांचंच नाही. डेटास्टेज हे तसंच टूल असेंशिअलकडून २००५ मध्ये आयबीएमकडे गेलं, बूमी २०१० मध्ये डेलकडे गेली आणि २०२१ मध्ये डेलने ती विकली, म्यूलसॉफ्ट २०१८ मध्ये सेल्सफोर्सकडे. या धंद्यात मालक बदलतातच. त्यामुळे नवीन सुचवताना "ही कंपनी टिकेल का" यापेक्षा "हे सोडून जायची वेळ आली तर आपल्या हातात काय राहील" हे विचारा. लॉजिक एसक्यूएलमध्ये लिहिलेलं असेल, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये) ठेवलेलं असेल तर ते तुमच्याबरोबर येतं. लॉजिक टूलच्या चौकोनांमध्ये आणि बाणांमध्ये असेल तर आज जी वेळ तुमच्यावर आलीये तीच दहा वर्षांनी दुसऱ्या कोणावर येणार. म्हणून माझा कल असा की डेटा उचलून आणायला काहीही वापरा, पण त्याचं रूपांतर वेअरहाउसमध्येच एसक्यूएलने करा, डीबीटी (अशी रूपांतरं लिहायचं टूल) किंवा तसलं काही.

९० टक्क्यांबद्दल. मॅपिंगचं रूपांतर होतं हो, पण मॅपिंगच्या बाहेर जे आहे त्याचं काय? सेशनच्या (मॅपिंग प्रत्यक्ष चालण्याच्या) आधी आणि नंतर चालणाऱ्या शेल स्क्रिप्ट, पॅरामीटर फाइल, कोणीतरी २०१४ मध्ये लिहिलेला सेशनमधला एसक्यूएल ओव्हरराइड जो मॅपिंगमध्ये दिसतच नाही, शेड्युलरमधली "ही फाइल आल्याशिवाय सुरू करू नको" अशी अट. घोळ तिथे होतो. आणि १८०० नेऊच नका. आधी रिपॉझिटरीतून (पॉवरसेंटरच्या नोंदींच्या साठ्यातून) काढा की गेल्या तेरा महिन्यांत कुठलं वर्कफ्लो एकदाही चाललं नाही. बारा नाही, तेरा, म्हणजे वर्षातून एकदा मार्चला चालणारं सुटत नाही. मग उरलेल्यांची टार्गेट टेबलं कोण वाचतं ते डेटाबेसच्या लॉगमधून बघा. ज्या टेबलला कोणी विचारत नाही ते बनवणारं मॅपिंग न्यायचं कारण नाही. मी केलेल्या अशा कामात यादी खूप खाली आली होती आणि प्लॅटफॉर्मची निवडही त्याने बदलली, कारण किंमत कामाच्या आकारावर होती.

जुनं नवं दोन्ही काही काळ शेजारी शेजारी चालवा, निदान एक मंथ एंड तरी, आणि जमलं तर इयर एंड. रोची संख्या जुळली म्हणजे झालं असं समजू नका, रकमांची बेरीज जुळवा, आणि रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) व नल (माहितीच नाही) यांचा फरक बघा, ओरॅकल त्या दोघांना एकच समजतो आणि बाकीचे समजत नाहीत, त्यामुळे तिथून दुसऱ्या डेटाबेसवर जाताना जॉइन आणि फिल्टर गुपचूप बदलतात.

आणि स्किलचं म्हणाल तर एससीडी टाइप टू (जुनी माहिती न पुसता नवीन ठेवायची पद्धत) म्हणजे काय, उशिरा आलेल्या रोचं काय करायचं, आकडा जुळला नाही तर कुठून शोधायला सुरुवात करायची, हे तुम्हाला नऊ वर्षांनी येतं. एका सर्टिफिकेटने ते येत नाही. एसक्यूएल पक्कं करा, पायथन आणि गिट रोजच्या वापरात आणा. तुम्हाला सहा महिने लागतील, घाबरू नका.

प्रश्न: आम्ही गोव्यात, पणजीला, अकरा जणांची कंपनी. होमस्टे बुकिंगचं सॉफ्टवेअर. डेटाबेस पोस्टग्रेस. रिपोर्टिंगसाठी एक रेडीमेड कनेक्टरवाली सर्व्हिस लावली, महिन्याला जितके रो बदलतील तितकं बिल. पहिल्या महिन्यात मस्त, तिसऱ्या महिन्यात बिल सातपट. आता डेव्हलपर म्हणतो स्वतःच काफ्का आणि डेबेझियम (डेटाबेसमधले बदल वाचून पुढे पोचवणारी सॉफ्टवेअर) लावू, फुकट आहे. लावू का?

उत्तर: थांबा. आधी बिल का वाढलं ते शोधा, बुकिंग काही सातपट वाढली नसतील. बहुतेक वेळा कारण असं निघतं की रात्री चालणारा एखादा जॉब सगळ्या टेबलवर एक कॉलम अपडेट करतो, "शेवटचं तपासलं" वगैरे, त्यात माहिती काहीच बदलत नाही पण प्रत्येक रो बदललेला धरला जातो आणि त्याचे पैसे लागतात. तो कॉलम वेगळ्या छोट्या टेबलमध्ये हलवा. मग लॉगची, सेशनची, नोटिफिकेशनची टेबलं सिंकमधून काढा, ती रिपोर्टला लागत नाहीत तरी सुरुवातीला "सिलेक्ट ऑल" केलं म्हणून जात असतात. एवढं करून एक महिना बघा.

काफ्का आणि डेबेझियम दोन्ही फार चांगली आहेत. काफ्का लिंक्डइनमध्ये जन्मलं, २०११ पासून ओपन सोर्स आहे, मोठमोठे उद्योग त्यावर चालतात. पण अकरा जणांत ते सांभाळणार कोण? डेबेझियम पोस्टग्रेसमधून बदल वाचायला रेप्लिकेशन स्लॉट (कुठपर्यंत वाचलं याची खूण) वापरतं, आणि वाचणारा बंद पडला तर पोस्टग्रेस "तो परत येईल" म्हणून आपला लॉग (बदलांची नोंद) साठवत बसतो. शुक्रवारी संध्याकाळी कनेक्टर पडला, कोणाचं लक्ष नाही, रविवारी सकाळी डिस्क भरते आणि तुमचं चालू बुकिंगच बंद. रिपोर्टिंगच्या सोयीसाठी मूळ धंदा बंद पडला, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात हे झालं तर काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको. व्हर्जन १३ पासून या साठ्याला मर्यादा घालायची सेटिंग आहे, मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज, ती लावलीत तर डिस्क वाचते पण मर्यादा ओलांडली की स्लॉट निकामी होतो आणि सगळा डेटा पहिल्यापासून लोड करावा लागतो. म्हणजे स्लॉटवर चोवीस तास नजर लागतेच. आणि बरं का, रेडीमेड सर्व्हिससुद्धा लॉगमधून वाचत असेल तर ती पण हाच स्लॉट वापरते, तेव्हा अलार्म आजच लावा.

तुमच्या आकाराला मी असं करीन, पेमेंट गेटवे, जाहिराती, बाहेरच्या बुकिंग साइट यांच्यासाठी रेडीमेड कनेक्टरच ठेवीन, कारण त्यांचे एपीआय दर काही महिन्यांनी बदलतात आणि ते दुरुस्त करत बसणं हे तुमचं काम नव्हे. स्वतःच्या पोस्टग्रेससाठी मात्र एक रीड रेप्लिका (डेटाबेसची फक्त वाचायची प्रत) आणि तासातून एकदा चालणारी साधी स्क्रिप्ट, डिलीटसाठी रो खरंच न उडवता "रद्द" असा कॉलम. एअरबाइट हे कनेक्टरचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा पर्यायही आहे, पण सर्व्हरचं आणि अपग्रेडचं काम येतंच, तो डेव्हलपर सोडून गेला तर काय हे आधी ठरवा.

प्रश्न: मॅडम, आमची सांगली जिल्ह्यातली नागरी सहकारी बँक. दुसरी एक छोटी बँक आमच्यात विलीन होतेय. आमच्या कोअर बँकिंगमध्ये नावं इंग्रजीत, त्यांच्याकडे जुन्या शाखांची नावं मराठी फॉन्टमध्ये, काही नंतरची युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य पद्धतीत). एक कन्सल्टंट महागडा प्लॅटफॉर्म सुचवतोय, त्यात एआय आहे, ग्राहकांची दुबार नावं तो आपोआप एकत्र करतो म्हणे. संचालक मंडळ तयार आहे. मी आयटी प्रमुख, सही माझी आहे, आणि झोप लागत नाही.

उत्तर: बरं झालं लिहिलंत. सही करू नका अजून.

आधी ते फॉन्टचं. श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, या सगळ्यांनी आपल्याकडे मराठी संगणकावर आणली, त्यांचे उपकार आहेत, पण त्या जुन्या फॉन्टमध्ये डेटाबेसला मराठी माहीतच नसते. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी साठवलेली असते, वर फॉन्ट चढवला की "क" दिसतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते कारण ती डोळ्याला आधी दिसते, रफार नंतर. युनिकोडमध्ये हे उलट असतं. त्यामुळे एकास एक अक्षर बदलून चालत नाही, क्रमही फिरवावा लागतो, आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. बाहेरच्या मोठ्या प्लॅटफॉर्ममध्ये हे तयार मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, हे कुणीतरी इथे बसून करायचं काम आहे. कुठल्या शाखेने कुठल्या वर्षापर्यंत कुठला फॉन्ट वापरला याची यादी आधी करा, आणि मूळ कॉलम जसाच्या तसा कायम जपून ठेवा, रूपांतर शेजारच्या कॉलममध्ये.

युनिकोडमध्ये आहे तेही सरळ नाही. "कऱ्हाड" दोन प्रकारे टाइप होतं, एकदा ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, एकदा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारा जोडक टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळी गावं, आणि नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशनही (एकच अक्षर वेगवेगळं साठवलेलं असेल ते सारखं करणं) त्यांना एक करत नाही. वर कोणीतरी "कराड" लिहिलेलं असतंच. पिनकोडमध्ये काही ठिकाणी मराठी आकडे, काही ठिकाणी इंग्रजी.

मग लांबी. यूटीएफ आठमध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. "श्री" आपल्याला एक अक्षर वाटतं पण आत चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट, "ज्ञानेश्वर" ३० बाइट. ओरॅकलमध्ये लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते, तर ५० चा कॉलम असेल तर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून त्यात मावत नाही. डेटाबेस एरर देतो ते बरं, पण काही टूल्स गुपचूप कापून पुढे जातात. ट्रायलमध्ये सगळ्यात लांब शंभर नावं मुद्दाम टाकून बघा.

आता दुबार नावं आपोआप एकत्र करण्याचा विषय, यानेच मला तुमचं पत्र शेवटी पण सविस्तर घ्यावंसं वाटलं. नाव आणि जन्मतारीख जुळली की एकच माणूस, हा नियम आपल्याकडे धोकादायक आहे. आपल्या भागात एका पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. एका गावात एकाच आडनावाची भावकी, नावं आजोबांवरून ठेवलेली, जन्मतारीख सगळ्यांची १ जून, एआयच्या दृष्टीने ते सगळे एकच ग्राहक. दोन चुलत भावांची खाती एकत्र झाली तर एकाच्या कर्जाची नोटीस दुसऱ्याच्या दारात जाते. उलट बायकांचं, माहेरच्या नावाने जुनी ठेव, सासरच्या नावाने नवीन खातं, बाई एकच पण मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं, ती कधीच जुळणार नाही आणि तिची ठेव वारसाला सापडणार नाही. हे आकडे नाहीत, माणसांच्या आयुष्यभराच्या पुंजीचा प्रश्न आहे.

म्हणून पॅन, मग १४ अंकी सीकेवायसी नंबर (ग्राहकाच्या ओळखीचा केंद्रीय नंबर), मग मोबाइल, अशा क्रमाने जुळवा, आणि मोबाइलवर एकट्यावर विसंबू नका, घरात एकच नंबर चौघांच्या खात्याला असतो. जिथे पॅन किंवा सीकेवायसी जुळत नाही तिथे मशीनने फक्त "हे कदाचित एक असतील" एवढंच सुचवायचं, जोडायचं माणसाने. आणि जोडलेलं परत सोडवता आलं पाहिजे, कन्सल्टंटला हे करून दाखवायला सांगा. माझ्या अनुभवात या एका मागणीवर बरेच डेमो थांबतात.

प्लॅटफॉर्म म्हणाल तर विलीनीकरण हे एकदाच करायचं काम आहे, त्यासाठी वर्षानुवर्षांची लायसन्स फी मला पटत नाही. बँकेच्याच सर्व्हरवर एक स्टेजिंग (मधल्या कामापुरता) डेटाबेस, अपाची हॉप किंवा एसएसआयएससारखं एक साधं टूल, आणि त्यावर काम करणारी जवळपासची एखादी टीम, करारात हे स्पष्ट लिहून की बनवलेल्या सगळ्या पाइपलाइन आणि फॉन्टचे तक्ते बँकेच्या मालकीचे. हॉप हे केटल या जुन्या टूलमधूनच निघालेलं आहे, तेव्हा केटलवर काम केलेली माणसं चालतील. डेटा बाहेर क्लाउडवर जाणार असेल तर आयटी आउटसोर्सिंगबद्दल रिझर्व्ह बँकेच्या सध्याच्या सूचना बघा, एप्रिल २०२३ च्या सूचना टियर ३ आणि ४ च्या (मोठ्या ठेवींच्या गटातल्या) नागरी बँकांना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाल्या. टेस्टिंगसाठी ग्राहकांचा खरा डेटा कोणाच्या लॅपटॉपवर देऊ नका, डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि सुरक्षेत हलगर्जी झाली तर कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत लिहिलाय.

संचालक मंडळाला नाही म्हणू नका, एका शाखेची ट्रायल मागा. छोट्या बँकेची सगळ्यात जुनी शाखा घ्या, कन्सल्टंटच्या प्लॅटफॉर्मवर पण चालवा आणि साध्या टूलवर पण. दोन्हीकडे प्रत्येक जीएल हेडची (बँकेच्या मुख्य हिशोबातल्या खात्याची) बेरीज पैशापर्यंत जुळली पाहिजे. मग "एकच ग्राहक" म्हणून जोडलेल्या नावांची यादी छापा आणि त्या शाखेत वीस वर्षं काउंटरवर बसलेल्या क्लार्ककडे द्या, रिटायर झाले असतील तर घरी जाऊन विनंती करा, त्यांना मानधन द्या, कारण कुठला बाळू कुठल्या गल्लीतला हे त्यांना माहीत असतं. त्यांनी लाल पेनने खोडलेल्या जोड्या मोजा आणि तो कागद मंडळाच्या मीटिंगला घेऊन जा.